मॅमोग्राफी ‘डिजिटल’ करावी की थ्रीडी?

आपण विचारले आहे की, 44 वर्षांच्या बहिणीची मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) धंतोलीतील ‘डिजिटल’ केंद्रात करावी, की जास्त पैसे मोजून रामदासपेठेत थ्रीडी करावी. मी नागपुरातच अनेक वर्षे मॅमोग्राफी काढण्याचे काम करते. दर विचारण्याआधी आपण यंत्र सीआर (कॉम्प्युटेड रेडिओग्राफी) आहे की डीआर (डिजिटल रेडिओग्राफी), हे विचारावे, असे मला मनापासून वाटते.

पाटीवर दोन्हींना डिजिटलच म्हणतात. सीआरमध्ये कॅसेटमधील प्लेट बाहेर काढून लेझरने वाचावी लागते; त्या वेळी प्रकाश पसरतो आणि कॅल्शियमचे बारीक कण, जे कित्येकदा आजाराची पहिली खूण असतात, पुसट दिसतात. डीआरमध्ये चित्र टिपणारा डिटेक्टर यंत्रातच बसवलेला असतो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या तपासणी कार्यक्रमाची आकडेवारी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दर 1,000 तपासण्यांमागे डीआरवर 4.9, जुन्या फिल्मवर 4.8, तर सीआरवर केवळ 3.4 कर्करोग सापडल्याचे दिसले. नवे म्हणून घेतलेले तंत्र जुन्या फिल्मपेक्षाही मागे पडले होते!

बहिणीचे वयही महत्त्वाचे आहे. अमेरिका व कॅनडातील सुमारे 49,500 महिलांच्या 2005 च्या अभ्यासात एकंदरीत फिल्म आणि डिजिटल बरोबरीचे ठरले, परंतु पन्नाशीच्या आतील आणि दाट स्तनांच्या (ज्यांत चरबी कमी आणि ग्रंथींच्या ऊती जास्त असतात) महिलांमध्ये डिजिटल सरस ठरले. दाट ऊती चित्रात पांढऱ्या दिसतात, गाठही पांढरीच दिसते, आणि म्हणून ती लपते.

थ्रीडी, म्हणजे टोमोसिंथेसिसमध्ये, एक्स-रेची नळी कमानीत फिरून पातळ थरांची चित्रे देते, त्यामुळे एकावर एक आलेल्या ऊती सुट्या होतात. अमेरिकेतील 2014 च्या मोठ्या अभ्यासात त्यामुळे पुढील तपासणीसाठी परत बोलावण्याचे प्रमाण हजारी 107 वरून 91 वर आले, तर सापडलेले कर्करोग 4.2 वरून 5.4 झाले. परवडत असेल तर थ्रीडी करावी. नसेल तर चांगल्या डीआरवर समाधान मानण्यात काहीही वावगे नाही. रिपोर्टमध्ये दाट ऊती लिहिल्या असतील, तर सोबत सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

हाताला गाठ लागत असेल, तर मात्र स्वच्छ रिपोर्टवर विसंबून राहू नये, डॉक्टरांना दाखवावेच. आणि आधी मॅमोग्राफी झाली असेल, तर जुन्या फिल्म किंवा सीडी सोबत न्यावी. तुलनेला मागचे चित्र मिळाले की किरकोळ बदलही वाचणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात येतो.