जर्मन शिकायला लाइपझिगला जातेय, मन लागेल का?

तू लिहिलंस की नागपुरात ए-२, म्हणजे जर्मनची दुसरी लेव्हल, झालंय, सप्टेंबरपासून लाइपझिगला सहा महिन्यांचा इंटेन्सिव्ह कोर्स आहे, आणि पैशांपेक्षा 'तिथं मन लागेल का' याचीच धास्ती जास्त आहे. लागतं. मधे दोनदा मात्र खचतं, आणि ते कधी हे बरंचसं आधीच सांगता येतं.

पहिल्यांदा खचतं ते वर्गात नाही, बेकरीत. 'त्स्वाय ब्र्योटशेन, बिट्टे' (दोन छोटे पाव द्या) घोकून जायचं, आणि काउंटरवरची बाई एका दमात म्हणते, 'झोन्स्टनोखवास?' म्हणजे 'आणखी काही?' पुस्तकात हे तीन सुटे शब्द होते, तिच्या तोंडी एकच. मागे रांग. आपण गप्प, ती इंग्रजीवर येते, आणि वाटतं दोन्ही लेव्हल पाण्यात गेल्या. गेलेल्या नसतात. तिचे प्रश्न चारच: आणखी काही? इथे खाणार की नेणार? पिशवी हवी? रोख की कार्ड? हे चार कानात आणि त्यांची उत्तरं जिभेवर बसव. तरी ती इंग्रजीवर आलीच, तर हसून 'आउफ डॉइच, बिट्टे' (जर्मनमध्ये बोला ना) म्हण.

इंग्रजीतून जर्मन शिकू नको, मराठीतून शिक. 'मला थंडी वाजते' तसं 'मीर इस्ट काल्ट', त्यातलं 'मीर' म्हणजे चक्क 'मला'. इंग्रजीवरून 'इख बिन काल्ट' केलंस तर तू कोरड्या मनाची आहेस असा अर्थ निघतो. चोवीसमध्ये आधी चार मग वीस, त्यांचंही तेच. 'वाइल' (कारण) आलं की क्रियापद शेवटी जातं. आपलं तर एरवीही तिथंच असतं. फसवतात ती लिंगं. आपल्यासारखी तीनच, पण त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. शब्द पाठ करायचा तो लिंग सांगणाऱ्या डेअर-डी-दाससकट, मागाहून चिकटवता येत नाही.

दुसरी घसरण नोव्हेंबरात, आणि ही जड जाते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, नागपूरशी फरक साडेतीनचा साडेचार तास होतो. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार, रविवारी दुकानं बंद. त्यातच बी-१, म्हणजे तिसरी लेव्हल, सुरू असतं. ए-१ला दर आठवड्याला काहीतरी नवं जमायचं. आता समजतं ढीगभर, बोलता येतं मूठभर. प्रगती थांबलेली नसते, दिसत नसते. म्हणून दर रविवारी दोन मिनिटं स्वतःचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि चार आठवड्यांनी पहिलं ऐक.

घरच्या फोनचं आधीच ठरव. नागपुरात जेवणं आटोपून साडेनऊला फोन येतो, तेव्हा तिकडे हिवाळ्यात पाच वाजलेले. क्लासनं डोकं शिणलेलं असतं, 'काय करून राहिली, जेवली का' यात दीड तास जातो आणि त्या दिवशीचं जर्मन तिथंच संपतं. फोन तोडू नको बावा, अर्ध्या तासाचा कर.

परीक्षेची भीती त्यातल्या त्यात कमी ठेव. ग्योटे-इन्स्टिट्यूट या जर्मन भाषासंस्थेच्या बी-१ परीक्षेचे चार भाग सुटे आहेत, प्रत्येकात १००पैकी ६० लागतात. बोलण्यात अडकलीस तर तेवढाच भाग पुन्हा द्यायचा.

आणि बोलायला सुरुवात जर्मन माणसांपासूनच करायला हवी असं नाही. वर्गातल्या सीरियाच्या, व्हिएतनामच्या मुलींना घरी बोलाव आणि पोहे कर. तिघींची सामाईक भाषा मोडकीतोडकी जर्मनच, त्यामुळे चुकायची लाज कुणालाच नसते. पोह्यांवरची तर्री किती तिखट आहे, हे मात्र खायच्या आधी सांग.