रिसेट पिनला रेझिस्टर-कपॅसिटर पुरतो का?

एटीमेगा328 या मायक्रोकंट्रोलर चिपला बाहेरून रिसेट द्यायचा (म्हणजे प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू करायला लावायचा) तर रेझिस्टर-कपॅसिटर कितीचे घ्यायचे, असं तुम्ही विचारलंय. 10 किलोओहम व्हीसीसीला (चिपच्या सप्लायला), 100 नॅनोफॅरड ग्राउंडला, बटण कपॅसिटरला समांतर. टेबलावरच्या बोर्डाला एवढं पुरतं. पण बोर्डावर रिले किंवा मोटर असेल तर नुसत्या आरसीवर, म्हणजे या रेझिस्टर-कपॅसिटरवर, विसंबणं चूक आहे, आणि याच मुद्द्यावरून माझं एका सीनियरशी चांगलंच वाजलं होतं.

पंपाचा कंट्रोलर होता. कॉन्टॅक्टर (पंप चालू करणारा मोठा रिले) ओढला की अधूनमधून ईईप्रॉममधला, म्हणजे पॉवर गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतला, सेट पॉइंट (ठरवून दिलेला आकडा) बिघडायचा. सीनियरांचं म्हणणं, "रिसेटला 10 मायक्रोफॅरड आहे, वॉचडॉग चालू आहे, अजून काय हवं?" (वॉचडॉग म्हणजे प्रोग्रॅम अडकला की चिप रिसेट करणारा आतला टायमर.) मी स्कोपचा (व्होल्टेजची रेघ दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा) एक प्रोब व्हीसीसीवर लावला, दुसरा रिसेट पिनवर. कॉन्टॅक्टर ओढताच 5 व्होल्टची सप्लाय काही मिलिसेकंद अडीचपर्यंत खाली आली आणि रिसेटची रेघ जेमतेम हलली. हलणार कशी? 10 किलोओहम आणि 10 मायक्रोफॅरड म्हणजे 100 मिलिसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट. तेवढ्यात कपॅसिटर उतरतच नाही. म्हणजे चिप रिसेट न होता कमी व्होल्टेजवर भरकटत चालत राहते आणि ईईप्रॉममध्ये चुकीचं लिहू शकते.

मग त्यांची सूचना आली, रेझिस्टरवर डायोड टाक. डायोड कपॅसिटरला सप्लायच्या साधारण 0.6 व्होल्ट वरपर्यंतच उतरवतो. सप्लाय अडीचवर असताना पिन तीनच्या वर, म्हणजे चिपच्या लेखी तो हायच. पॉवर पूर्ण जाऊन लगेच आली तर डायोडचा उपयोग, अशा डुबकीत शून्य. आणि वॉचडॉग प्रोग्रॅम पुन्हा सुरू करतो, ईईप्रॉममध्ये चुकीचा लिहिला गेलेला आकडा दुरुस्त करत नाही. हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

मी मॅक्स809 या सप्लायवर लक्ष ठेवणाऱ्या रिसेट चिपचा 4.38 व्होल्टवाला प्रकार बसवला. सप्लाय त्याखाली गेली की तो रिसेट लो करतो आणि सप्लाय सावरल्यावरही किमान 140 मिलिसेकंद सोडत नाही. सेट पॉइंट बिघडणं बंद झालं. तीन पायांची चिप वाचवण्यासाठी कोणी वाद घालत असेल तर सरळ स्कोप लावून दाखवा.

हां, एटीमेगामध्ये आतला ब्राउन-आउट डिटेक्टर आहे, म्हणजे सप्लाय खाली गेली की चिप रिसेटमध्ये धरणारं सर्किट. आमच्या बोर्डावर तो बंदच ठेवलेला होता. त्याचा फ्यूज (चिपमधली कायम राहणारी सेटिंग) 4.3 व्होल्टवर सेट केलात तर बऱ्याच बोर्डांना बाहेरची चिप लागणारही नाही. मॅक्स809 चं आउटपुट पुश-पुल आहे, म्हणजे ते लाइन हायही जोरात धरतं, त्यामुळे त्याच लाइनवर बटण किंवा प्रोग्रॅमर असेल तर ओपन-ड्रेन (फक्त लो ओढणारा) मॅक्स803 आणि पुल-अप (व्हीसीसीला जोडलेला रेझिस्टर) घ्या. 8051 या दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरला रिसेट हाय लागतो, तिथे मॅक्स810. आणि डीबगवायर (रिसेट पिनवरूनच चालणारी एटीमेगाची डीबगिंगची सोय) वापरणार असाल तर रिसेटवरचा कपॅसिटर आधी काढा.