आटिझम वाढला का जी?

आर्वी, आष्टी, कारंजा... गावं वेगळी, पण आया हाच प्रश्न घेऊन येतात. मुलाला चौथ्या-पाचव्या वर्षी ऑटिझमचं निदान झालेलं असतं, घरचे त्याला सरावलेले असतात. मग एक दिवस पोरगं डोळे मिचकावू लागतं. डोळे थांबले की मान झटकतं, घशातून ‘हुं हुं’ काढतं. बाप म्हणतो मोबाइल, आजी म्हणते बाहेरचं, आणि आईच्या पोटात गोळा येतो.

अकरा वर्षांच्या सोनूची (नाव बदललं आहे) आई एका दमात म्हणाली, “शेतातली मोटर लावली का हात फडफडवते, अन् आता मान बी झटकते. अंगारा लावून झाला. दोन्ही बंद करून द्या, मॅडम.”

“हाताचं कधीपासून?”

“लहान होता तवापासून.”

“आणि मान?”

“दिवाईपासून. त्याच्या आंधी डोये होते.”

तिच्या उत्तरातच निम्मं काम झालं होतं. ऑटिझममधली हातांची हालचाल बहुधा तिसऱ्या वर्षाच्या आत दिसू लागते, वर्षानुवर्षं तशीच राहते, तालात असते आणि मुलाला त्यात बरं वाटतं. टिक, म्हणजे डोळे मिचकावणं, मान झटकणं, ‘हुं हुं’ करणं अशी अचानक, पुन्हापुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज, साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी किंवा त्यानंतर उगवते. ती झटक्यासरशी येते, डोळ्यांवरून मानेवर, मानेवरून खांद्यावर जागा बदलते, महिनाभर गायब होऊन परतते. आणि एकाच मुलात दोन्ही असू शकतात. ऑटिझम असलेल्या मुलांत टिक इतर मुलांपेक्षा जास्त आढळते. म्हणजे सोनूचा ऑटिझम होता तिथंच होता, त्याच्या जोडीला दुसरं काही आलं होतं.

पण माझा भर कायम एकाच गोष्टीवर असतो. हालचाल कशी दिसते हे कुणीही सांगेल, तिच्या आधी मुलाला काय होतं ते विचारा. बहुतेक जण विचारतच नाहीत, कारण ‘याला काय सांगता येणार’ हे आधीच ठरलेलं असतं. सोनू बोलायचा मोजकं, तेही मोटर, पाइप, स्टार्टर यांच्याबद्दल. त्यामुळे तीन-चार भेटी मी मोटरबद्दलच बोलत राहिले. फूटव्हॉल्व्ह म्हणजे काय हे मला त्यानं शिकवलं. मग एकदा त्याची मान उडाली तेव्हा सहज विचारलं, “आत्ता, याच्या आधी काय झालं?”

तो बराच वेळ गप्प. मग मानेवर बोट ठेवून म्हणाला, “इथं हवा धरते. काढा लागते.”

“आणि हात करतो तेव्हा?”

“तवा पाणी येते.”

आई माझ्याकडे बघतच राहिली. टिकच्या आधी दाटून येणारी बेचैनी शिकल्यासवरल्या मोठ्यांनाही नीट मांडता येत नाही. या मुलानं ती दोन वाक्यांत मांडली. खरं सांगते, त्या दिवशी घरी जाताना मी खुशीत होते.

पुढचं सरळ होतं. सेवाग्रामला डॉक्टरांना दाखवून खात्री केली. जाताना मोबाइलवर दोन्ही हालचालींचे व्हिडिओ न्यायला सांगितले, कारण तपासायच्या खोलीत टिक नेमकी लपते. हाताला हात लावायचा नाही, तो त्याचा आनंद आहे. मानेत हवा धरली की हनुवटी जराशी खाली घेऊन मानेचे स्नायू हळू आवळून धरायचे, कळ ओसरेपर्यंत. हे सराव करून घ्यावं लागतं, तेही मुलाची तयारी असेल तरच.

घरच्यांसाठी मात्र सराव एकच, टोकायचं नाही. “पुन्हा केलंस!” म्हटलं की टिक वाढते. मूल शाळेत ती कशीबशी दाबून ठेवतं आणि घरी आल्यावर ती उसळते, म्हणून ‘घरीच मुद्दाम करतो’ असं वाटतं. सोनूच्या सरांनाही ते मुद्दामच वाटत होतं. त्यांना भेटून समजावलं, अधूनमधून बाहेर जायची मुभा मागितली. ती मिळाली.

सगळ्याच टिकना औषध लागत नाही. दुखत असेल, झोप-अभ्यास बिघडत असेल, तर डॉक्टर ठरवतील. झटक्याच्या वेळी मूल हरवल्यासारखं होत असेल, हाकेला ओ देत नसेल, तर मात्र फिटची शंका धरून लगेच दाखवा. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणाऱ्या केंद्रात, अठरा वर्षांपर्यंत मोफत तपासणी होते, आणि टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. साधारण दहा ते बारा या वयात टिक सगळ्यात जोरात असते, पुढे बहुतेकांची उतरते.

मागच्या महिन्यात सोनूच्या आईचा फोन आला. “मॅडम, मान थांबली, आता नाक सुरू झालं,” एवढं सांगून ती लगेच मामाच्या लग्नावर आली. डीजे आहे, नेऊ का? म्हटलं, न्या, पण कानात कापूस घालून. नाकासाठी नाही, आवाज त्याला सोसत नाही म्हणून.