टीटीओवरची न केलेली सही

नाशिकच्या एका वाचकांनी फेब्रुवारीत आपली १९६९ सालची एमजीबी पुण्याच्या एका हौशी गृहस्थांना विकली. दोन सीटची, कापडी टपाची, भरपूर पळालेली गाडी. सौदा अकरा लाखांचा. सात लाख बँकेतून आले. उरलेले चार लाख ‘आरटीओ ट्रान्सफर झाल्यावर’ द्यायचे, असं स्टॅम्पपेपरवर लिहिलं आणि त्याच दिवशी गाडी व किल्ल्या देऊन टाकल्या. आता सप्टेंबर चालू आहे. खरेदीदार म्हणतात की इंजिन मूळचं नाही, अँबेसिडरचं आहे, फ्लोअर गंजलेला आहे, तेव्हा चार लाख विसरा. ट्रान्सफरचं विचारलं तर ‘मी ती थेट व्हिंटेज म्हणून नोंदवणार आहे, त्याला नव्वद दिवसांची मुदत असते’ हे उत्तर. मे महिन्यात विमा संपला. गेल्या महिन्यात एक्सप्रेस-वेवर वेगमर्यादा ओलांडल्याचं ई-चलन वाचकांच्याच मोबाइलवर आलं. त्यांना विचारायचंय की चार लाख कसे वसूल करू. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: ‘पूर्ण पैसे मिळेपर्यंत टीटीओवर (म्हणजे मालकी बदलाच्या आरटीओ फॉर्मवर) सही करायची नाही, एवढी खबरदारी मात्र मी घेतली आहे.’

दर महिन्याला अशी पत्रं येतात. गाडी कधी स्विफ्ट असते, कधी बुलेट. ही ओळ मात्र बहुतेकांत असते आणि तीही जरा अभिमानानं लिहिलेली. म्हणून गंज, इंजिन, बाजारभाव हे सगळं बाजूला ठेवून आधी तिच्याबद्दलच बोलतो.

सही रोखून तुम्ही समोरच्याला अडवलंय असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात अडकलेले तुम्ही आहात, आणि तेही दोन्ही बाजूंनी.

पहिली बाजू पैशांची. चार लाख कधी द्यायचे? तुमच्याच करारानुसार ट्रान्सफर झाल्यावर. ट्रान्सफर का झाली नाही? कारण तुम्ही सही केली नाही. उद्या तुम्ही दावा लावलात तर समोरचा वकील इंजिनाचा विषय काढण्याआधी हेच म्हणेल की रक्कम अजून देय झालेलीच नाही, आणि ती होऊ न देणारे स्वतः वादीच आहेत. याला माझ्याकडेही चटकन उत्तर नाही. ‘ट्रान्सफर झाल्यावर’ऐवजी ‘अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलं असतं, किंवा पुढच्या तारखेचा चेक घेतला असता, तर आज बोलणं वेगळं झालं असतं. पैसे मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्क विक्रेत्याला असतो खरा, पण मालविक्री कायद्यात तो हक्क ताबा असेपर्यंतचा आहे. ताबा तुम्ही फेब्रुवारीतच सोडलात. आरसी बुक कपाटात ठेवल्यानं तो परत येत नाही.

दुसरी बाजू जास्त गंभीर आहे आणि तिच्याबद्दल तुम्ही एक शब्दही विचारलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे, कर्जावरच्या आणि अल्पवयीन मुलाच्या नावावरच्या गाड्यांसारखे अपवाद सोडले, तर ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. पैसे कोणी दिले, गाडी कोणाच्या गॅरेजमध्ये आहे, हे त्या व्याख्येत येत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात २००७ मध्ये विकलेली गाडी हातोहात पुढे गेली, २००९ मध्ये तिच्याखाली एका मुलाचा जीव गेला, आणि आरटीओत नाव अजून पहिल्याच मालकाचं होतं. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची. जखमी माणसानं किंवा मृताच्या घरच्यांनी गाडी कोणी कोणाला विकली याची साखळी शोधत बसावं, हे कायद्याला अपेक्षित नाही.

तुमच्या करारात ‘आजपासून सर्व जबाबदारी खरेदीदाराची’ हे वाक्य आहे. ते तुम्हा दोघांपुरतं खरं. अपघातात सापडलेल्या तिसऱ्या माणसानं त्यावर सही केलेली नाही. त्या वाक्याचा उपयोग एवढाच की आधी तुम्ही भरायचं आणि मग खरेदीदाराकडून वसूल करायला दुसरा दावा लावायचा. आपल्या दिवाणी कोर्टांचा वेग पाहता, हा दिलासा मी कोणाला सांगतही नाही. विमा चालू असता तर गोष्ट वेगळी होती. गाडी विकली की तृतीय पक्षाचा विमा कलम १५७ नुसार नव्या मालकाकडे गेल्याचं मानलं जातं. पण मे महिन्यापासून मानायला पॉलिसीच नाही. म्हणजे तुमच्या नावाची बिनविम्याची स्पोर्ट्स कार कोणीतरी एक्सप्रेस-वेवर वेग मोडून चालवतोय, आणि चलन का आलं म्हणून तुम्ही वैतागला आहात! त्या चलनामुळे निदान तुम्हाला कळलं तरी.

आता त्या नव्वद दिवसांबद्दल. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी ८१-ए पासून पुढचे नियम आले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी त्यात येऊ शकते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्यानं नोंदलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो; नोंदणी दहा वर्षांची, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार. विक्री कळवायला नव्वद दिवस मिळतात, पण ते आधीच व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीच्या विक्रीला. तुमची गाडी अजून व्हिंटेज म्हणून नोंदलेलीच नाही, म्हणजे तिला मोटार वाहन कायद्याचं साधं कलम ५० लागू. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विक्रेत्यानं १४ दिवसांत आणि खरेदीदारानं ३० दिवसांत कळवायचं. दोघांनीही ते केलेलं नाही.

खरेदीदारांच्या बोलण्यातली दुसरी गंमत त्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. व्हिंटेज नोंदणीची अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. एकीकडे इंजिन अँबेसिडरचं म्हणून पैसे कापायचे आणि दुसरीकडे तीच गाडी मूळ स्वरूपातली म्हणून नोंदवायची, हे एकाच तोंडानं म्हणता येणार नाही. त्यातून व्हिंटेज नोंदणी मिळालीच, तर प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कारणांपलीकडे गाडी रस्त्यावर काढता येत नाही. रविवारी लोणावळ्याला जाऊन यायला ती नोंदणी नसते. खरेदीदारांना जी नोटीस पाठवायची आहे, तिच्यात हे दोन्ही मुद्दे लिहा.

इंजिनाबद्दल मात्र मी तुम्हाला पूर्ण हिरवा कंदील देणार नाही. एमजीबीचं १७९८ सीसीचं आणि जुन्या अँबेसिडरचं १४८९ सीसीचं, दोन्ही इंजिनं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिजमधली, त्यामुळे हा बदल कोणाला सुचणं नवल नाही. तो तुम्ही केलात की आधीच्या मालकानं, हे पत्रात नाही. आरसीवर कोणता इंजिन नंबर आहे, तेही नाही. नंबर जुळत नसेल तर आरटीओत अडचण येईल, आणि कलम ५२ खाली तो बदल न कळवल्याचा प्रश्नही निघेल. जाहिरातीत किंवा व्हॉट्सअॅपवर तुम्ही ‘ओरिजिनल इंजिन’ असं लिहिलं असेल, तर किंमत कमी करून मागायचा खरेदीदारांचा मुद्दा कोर्ट ऐकून घेईल. किती कमी, ते पुराव्यावर. सगळे मेसेज शोधून ठेवा, डिलीट काहीही करू नका. गंजाचा मुद्दा कच्चा वाटतो, कारण त्यांच्याच मेकॅनिकनं गाडी रॅम्पवर घेऊन पाहिली होती असं तुम्ही लिहिता. सात महिने वापरून झाल्यावर ‘गाडी परत घ्या’ म्हणणंही त्यांना जड जाईल.

तर सही करा. फॉर्म २९ ही विक्रेत्यानं द्यायची सूचना आहे, तिला खरेदीदारांची परवानगी लागत नाही. ती पुण्याच्या आरटीओत द्या, आवक क्रमांक घ्या, एक प्रत खरेदीदारांना स्पीड पोस्टानं पाठवा. आरसी आणि विम्याचं प्रमाणपत्र खरेदीदाराला दिल्याचं वाक्य फॉर्मवर छापलेलं असतं. तुमच्या बाबतीत ते खोटं आहे, तेव्हा खाडाखोड करून खरं काय ते लिहा. उशिराबद्दल काही रक्कम भरावी लागेल. फॉर्म २९ दिला म्हणजे सुटलात असं समजू नका, रजिस्टरमधलं नाव बदलेपर्यंत मालक तुम्हीच. पण ‘मी कळवलं होतं’ हे दाखवायला आज तुमच्याकडे काहीच नाही, ते तरी होईल. फॉर्म ३० वर, म्हणजे ट्रान्सफरच्या अर्जावरही सही करा, मात्र खरेदीदारांचं नाव, पत्ता, तारीख भरलेली असतानाच. कोऱ्या फॉर्मवर सही करून देणं ही यापेक्षाही वाईट सवय आहे.

त्याआधी, म्हणजे हे वाचून झाल्याबरोबर, निदान तृतीय पक्षाचा विमा काढा. विकलेल्या गाडीचा विमा मी का भरू, असं मनात येईल. नाव तुमचं आहे म्हणून. कंपनीला विक्री झाल्याचं लपवू नका. ती नकार देईल तर तो नकार लेखी घ्या. पासिंगची मुदत अजून आहे हे त्यातल्या त्यात नशीब, नाहीतर तपासणीसाठी त्यांच्या ताब्यातली गाडी आणायची कशी, हा नवा तमाशा झाला असता.

मग नोटीस. ट्रान्सफरसाठी तुम्ही तयार आहात, सह्या केलेले फॉर्म सोबत आहेत, पंधरा दिवसांत अर्ज करा आणि करारानुसार चार लाख द्या. तोवर बिनविम्याची गाडी रस्त्यावर काढू नका. या एका पत्रानं ‘रक्कम देय नाही’ हा त्यांचा बचाव बराच ढिला पडतो. एवढ्यावर पैसे आले नाहीत तर दावा नाशिकलाच लावता येईल, कारण करार आणि ताबा दोन्ही नाशिकचे. मुदत तीन वर्षांची. वाद नको म्हणून ती फेब्रुवारीपासूनच मोजा. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करायच्या फंदात पडू नका, ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवतील आणि तुमचा महिना जाईल. इंजिनापोटी काही रक्कम सोडून लेखी तडजोड होत असेल तर मी ती घेईन. किती सोडायची ते तुमचे मेसेज पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

चलनाचं विचारलंत. गाडी कोणाच्या ताब्यात होती ते कराराच्या प्रतीसह वाहतूक पोलिसांना लेखी कळवा. तिथे काही हललं नाही आणि थकलेल्या चलनामुळे ट्रान्सफरचा अर्ज पोर्टलवर अडला, तर स्वतः भरून टाका आणि पावती नोटिशीला जोडा. करारानुसार तो खर्च त्यांचा आहे.