यूएन नंबर एक सांगतो, एचएस कोड दुसरंच

प्रश्न : सर नमस्कार, तारापूर एमआयडीसीत आमचं औषधांचे इंटरमिजिएट बनवणारं छोटं युनिट आहे. पहिल्यांदाच बाहेरून ब्युटाइल लिथियम मागवतोय, ते हेक्झेनमध्ये विरघळवून येतं. आमचा सीएचए (कस्टमची कामं करणारा एजंट) म्हणतो की दोन केमिकल एकत्र आहेत म्हणजे मिक्श्चर झालं, कस्टमच्या एचएस कोड ३८२४ ला टाका. सप्लायरने इन्व्हॉइसवर २९३१ लिहिलंय. आणि धाकटा भाऊ म्हणतो धोकादायक मालाच्या वाहतुकीचा यूएन नंबर ३३९४ आहे ना, त्यावरूनच कोड शोध. कुणाचं ऐकू?

उत्तर : सप्लायरचा कोड बरोबर आहे, पण त्याने लिहिलाय एवढ्यावर जाऊ नका, कारण उद्या कस्टमच्या अप्रेझरला (कोड तपासणाऱ्या अधिकाऱ्याला) उत्तर तुम्हालाच द्यायचंय. कस्टम टॅरिफचा चॅप्टर २९ (सेंद्रिय रसायनं) उघडा आणि अगदी सुरुवातीची नोट १ वाचा. एक ठरावीक रासायनिक रचना असलेलं संयुग तिथे येतंच, पण ते पाण्यात विरघळवलं असेल तरी तिथेच राहतं, आणि दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलं असेल तरीही राहतं, फक्त अट अशी की तसं करणं निव्वळ सुरक्षेसाठी किंवा वाहतुकीसाठी नेहमीचं आणि गरजेचं असलं पाहिजे आणि त्या सॉल्व्हंटमुळे माल एखाद्याच खास कामापुरता बनता कामा नये. ब्युटाइल लिथियमला हवा लागली की ते आपोआप पेट घेतं, म्हणून तर ते हेक्झेनमध्ये देतात, त्यामुळे ते २९ मध्येच बसतं. ३८२४ हा खरोखर कालवलेल्या मालाचा कोड आहे आणि दुसरीकडे कुठे जागाच नसेल तेव्हाचा, पण आपल्याकडे काही अडलं की उचल ३८२४ अशी सवय लागलीय आणि त्यातूनच नंतर नोटिसा येतात. कस्टम्स अ‍ॅक्टच्या सेक्शन २८ खाली साध्या चुकीला २ वर्षं मागपर्यंतची ड्युटी काढतात, माहिती लपवली असं ठरलं तर ५ वर्षं, वर दंड आणि व्याज.

आता तुमच्या भावाचा मुद्दा, कारण हा गोंधळ मला सगळ्यात जास्त दिसतो. एचएस कोड विचारतो की ही वस्तू आहे काय. यूएन नंबर विचारतो की वाटेत हिच्यापासून धोका काय. टोल्युइनचंच बघा ना, शुद्ध असेल तर २९०२ ३०, यूएन १२९४. तेच टोल्युइन आणखी दोन सॉल्व्हंट घालून पेंटचं थिनर बनवलं की ३८१४ आणि यूएन १२६३. दोन्ही ज्वालाग्राही, दोन्ही क्लास ३, धोका जवळपास तोच पण कस्टमचे चॅप्टर वेगळे. आणि ३३९४ हा नंबर तर हवेत पेट घेणाऱ्या आणि पाण्याशी रिअ‍ॅक्ट होणाऱ्या कितीतरी ऑर्गॅनोमेटॅलिक (धातू जोडलेल्या सेंद्रिय) द्रवांचा एकच आहे, त्यावरून एक कोड कसा निघणार?

अजून एक. एचएसचे पहिले ६ आकडे जगभर सारखे, ते ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेचे, पण पुढचे आपले आपण ठरवतो, भारतात एकूण ८. त्यामुळे सप्लायरचे शेवटचे आकडे कॉपी करू नका. बिल ऑफ एंट्रीत (आयातीच्या कस्टम अर्जात) कॅस नंबर, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक, आणि आययूपीएसी, म्हणजे शास्त्रीय नावही नीट भरा. मनात शंका राहिली तर माल निघायच्या आधी कोडबद्दल आधीच निर्णय देणाऱ्या मुंबईच्या अ‍ॅडव्हान्स रूलिंग ऑथॉरिटीकडे अर्ज करा, ३ महिन्यांत निर्णय द्यायचा असा नियम आहे. आणि कृपा करून सीएचएला आधीच लेखी द्या की हे सिलिंडर नमुन्यासाठी उघडायचं नाही, सोबत उत्पादकाचा अ‍ॅनालिसिस रिपोर्ट जोडा. सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर यार्डात) पाना घेऊन उभ्या असलेल्या पोराला हे माहीत नसतं हो.

प्रश्न : एमएसडीएसमध्ये (रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकात) सेक्शन १४ ला जो नंबर असतो तोच कस्टमला द्यायचा का?

उत्तर : नाही. तिथे वाहतुकीची माहिती असते, म्हणजे यूएन नंबर, क्लास, पॅकिंग ग्रुप. एचएस कोड एमएसडीएसवर असलाच पाहिजे असं बंधन नाही, आणि असला तरी तो ज्या देशात शीट बनली तिथला असू शकतो.

प्रश्न : मी उरणची. मुलगा न्हावा शेवाजवळच्या एका कंटेनर यार्डात लागलाय. बैरूतला फुटलं ते खत होतं असं ऐकलं, मग खत म्हणून आलेल्या कंटेनरचीही भीती बाळगायची का?

उत्तर : ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूत बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं, २०० च्या वर माणसं गेली. ते २०१३ मध्ये एका जहाजातून आलं आणि वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिलं. कस्टमच्या पुस्तकात अमोनियम नायट्रेट चॅप्टर ३१ मध्ये आहे, ३१०२ ३०, आणि तो चॅप्टर खतांचा. शुद्ध असो नसो, शेतात जाणार असो की खाणीत सुरुंगाला, कोड तोच. (१० किलोपर्यंतच्या पॅकिंगमध्ये असेल तर ३१०५, पण तसं यार्डात सहसा दिसणार नाही.) म्हणजे चॅप्टरवर खत हा शब्द आहे म्हणून माल निरुपद्रवी असं समजायचं नाही.

यूएनची यादी मात्र इथे फार बारकाईने बघते. अमोनियम नायट्रेटमध्ये जळणारा पदार्थ ०.२ टक्क्यांपर्यंत असेल तर यूएन १९४२, क्लास ५.१, आगीला ऑक्सिजन पुरवणारा. त्याच्या वर गेला की यूएन ०२२२, थेट स्फोटकांचा क्लास १. आपल्याकडे २०१२ चे अमोनियम नायट्रेट रूल्स आहेत, परवाना पेसो ही स्फोटकांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची संस्था देते, त्यांचं मुख्यालय नागपूरला आहे. तरीही चेन्नईजवळ कस्टमने २०१५ मध्ये जप्त केलेला जवळपास ७०० टन माल तसाच पडून होता, बैरूतनंतर तो हलवला.

मुलाला एवढं सांगा की खताचा कंटेनर आला तर कागदावरच्या कोडवर विसंबू नकोस, कंटेनरच्या चारही बाजू बघ. पिवळा चौकोन टोकावर उभा, आत वर्तुळावर ज्वाला आणि खाली ५.१, हे असेल तर जवळ वेल्डिंग नाही, डिझेल नाही, लाकडाचा भुसा नाही. आणि कागदावर अमोनियम नायट्रेट लिहिलंय पण कंटेनरवर काहीच चिकटवलेलं नाही, तर सील तोडायच्या आधी सुपरवायझरकडे डेंजरस गुड्स डिक्लरेशन माग, कितीही घाई असली तरी.