‘वर्गात सगळे बोलतात, मीच गप्प असते’

दिवाळीची सुट्टी संपत आली की माझ्या जळगावच्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “मॅडम, मला परत जायचं नाही.” म्हणणारी मुलं हुशार असतात. चोपडा, शिरपूर, पाचोरा अशा भागांतली, बहुतेक मराठी माध्यमात शिकलेली, आणि शिष्यवृत्ती मिळवून लांबच्या एखाद्या छोट्या लिबरल आर्ट्‌स विद्यापीठात इंग्रजी साहित्य किंवा इतिहास शिकायला गेलेली. जाताना गावाने सत्कार केलेला असतो, त्यामुळे परतायची लाजही मोठी असते.

ही विद्यापीठं आपल्या कॉलेजांपेक्षा फार वेगळी चालतात. गाइड नाही, अपेक्षित प्रश्नसंच नाही. वीस-पंचवीस जण गोल बसून एका कवितेवर दीड तास बोलतात आणि त्या बोलण्यालाही गुण असतात. साहित्याच्या विद्यार्थ्यालाही सुरुवातीला तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, थोडं गणित घ्यावं लागतं. बारावीपर्यंत ‘गप्प बसा’ हेच चांगल्या विद्यार्थ्याचं लक्षण मानलेल्या मुलाला हे एकदम झेपत नाही.

चित्रा (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) वडिलांबरोबर आली. तापीकाठी केळीची शेती. ते खुर्चीत बसता बसताच म्हणाले, “इंग्रजी येत नाही म्हणून रडते, अन् शिकायला गेली इंग्रजीच. इथंच बी.ए., बी.एड. करून घे म्हणतो मी. तसंही आर्ट्‌स घेऊन काय होणार?”

मी त्यांना बाहेर बसायची विनंती केली.

पहिल्या दोन भेटी रडण्यातच गेल्या. झोप, जेवण नीट आहे ना, हे मी आधी विचारून घेतलं. कित्येक आठवडे झोप उडालेली असेल, जेवण तुटलं असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर तो प्रश्न इंग्रजीचा राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच जावं. चित्राचं तसं नव्हतं. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “वर्गात काहीतरी बोलावं असं शेवटचं कधी वाटलं?”

“कापणीवरची एक इंग्रजी कविता होती. सगळे म्हणाले, किती शांत, किती समृद्ध. मला वाटलं, हा कवी बांधावर उभा राहून बघतोय. शेतात उतरलेलाच नाही.”

मी क्षणभर थांबले. इतकं नेमकं वाचन!

“मग बोलली का नाहीस?”

“मनात वाक्य जुळवत होते. ‘बांध’ला काय म्हणायचं, तेच सुचेना. तोवर चर्चा पुढे गेली.”

“आणि त्या क्षणी स्वतःला काय म्हणालीस?”

ते मी तिला कागदावर लिहायला लावलं. तिने लिहिलं: ‘मला बिनचूकच बोलता आलं पाहिजे, नाहीतर मी तिथली नाहीच.’

घडलेली गोष्ट आपल्याला जेवढी रडवते, त्याहून जास्त तिच्याबद्दल मनात म्हटलेलं वाक्य रडवतं, या एका समजुतीवर माझं इतक्या वर्षांचं काम उभं आहे. त्यामुळे असं वाक्य हाती आलं की मी ते सोडत नाही. पण उलगडून दाखवण्याऐवजी त्या दिवशी मी विचारलं, “वर्गात कविता कशी वाचता?”

“एकेक शब्द धरून. हाच का, दुसरा का नाही.”

“मग ही ओळ तशी वाच.”

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दोन ‘च’ आहेत.”

“काढून बघ.”

“काढले तरी ‘पाहिजे’ उरतंय.” पेन घेऊन तिने खाली नवी ओळ लिहिली: ‘मला बिनचूक बोलता आलं तर आवडेल. नाही आलं तरी मी तिथलीच.’ शेवटच्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, “हा ‘च’ राहू दे.”

आणि मग, मी काहीही न विचारता, ती ती ओळ इंग्रजीत करून बघू लागली. “मॅडम, या ‘च’ला इंग्रजीत एक शब्द नाही. कुठे आवाज चढवावा लागतो, कुठे ‘फक्त’ म्हणावं लागतं, कुठे वाक्यच फिरवावं लागतं.” पहिल्यांदा ती हसली. जे शिकायला गेली होती, त्याच विद्येने तिने स्वतःची गाठ सोडवली होती. अशा वेळी आपण योग्य व्यवसायात आहोत, असं मला मनापासून वाटतं.

तोवर मीही अशा मुलांना आरशासमोर बोला, इंग्रजी पेपर वाचा, असंच सांगत असे. सराव लागतोच, ते मी आजही सांगते. पण चित्रामुळे उमगलं, की ही मुलं गप्प बसतात ती बऱ्याचदा इंग्रजी कमी पडतं म्हणून नाही. आपला बांध, आपली केळी, आपली अहिराणी त्या वर्गात नेण्याच्या लायकीची नाही, असं त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं.

म्हणून आता मी सांगते, पहिल्या दहा मिनिटांतच तोंड उघडा. चर्चा जितकी पुढे जाते तितकं बोलणं अवघड होत जातं. मोठं मत नको. ‘ही शांतता तुम्हाला कोणत्या ओळीत दिसली?’ एवढा प्रश्न पुरतो. निबंधाचा पहिला खर्डा खुशाल मराठीत लिहा. प्राध्यापक भेटीसाठी वेळ राखून ठेवतात, तेव्हा जा. आपली मुलं तिथे जायला घाबरतात. सरांकडे जाणं म्हणजे नापास झाल्याची कबुली, असं त्यांना वाटतं. अर्धवट खर्डा घेऊन जा, पूर्ण झाल्यावर दाखवण्यात अर्थ नाही.

चित्राच्या वडिलांशी एकच भेट झाली. बोलता बोलता अमळनेरच्या विप्रोच्या शेअर्सचा विषय निघाला. आपल्याकडे तो निघतोच. मी म्हटलं, “आप्पा, १९४५ साली अमळनेरला ती वनस्पती तुपाची कंपनी निघाली. त्याच घरातल्या अझीम प्रेमजींच्या नावाचं विद्यापीठ आज बंगळूरला इतिहास, तत्त्वज्ञान शिकवतं. आणि त्याच्याही आधी, १९१६ मध्ये, अमळनेरच्याच प्रतापशेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरणीचे मालक होते ते. पैशाचा हिशेब त्यांना कळत नव्हता का?” ते ऐकत राहिले. पदवीनंतर कायदा, पत्रकारिता, स्पर्धा परीक्षा, एम.ए. या सगळ्या वाटा इथल्या बी.ए.इतक्याच तिकडूनही खुल्या आहेत, हेही सांगितलं. एक मात्र मागून घेतलं: फोनवर ‘इंग्रजी सुधारलं का?’ विचारायचं नाही, ‘आज काय वाचलंस?’ विचारायचं.

भुसावळहून ती गाडीत बसली. फेब्रुवारीत तिचा निरोप आला: “आज बोलताना क्रियापद चुकलं. कोणी हसलं नाही. ‘बांध’ मी बांधच म्हटलं. एकाने विचारलं, म्हणजे काय? मग फळ्यावर काढून दाखवला.”