खाजनातील माती आणि अतिनील रामन

प्रश्न: खाजन (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या खारट जमिनीच्या) शेतातील काळ्या मातीचे नमुने मी 532 नॅनोमीटरच्या हिरव्या लेझरच्या रामन यंत्रावर (नमुन्यावरून विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या बदललेल्या तरंगलांबीवरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रावर) तपासले. आलेखावर शिखरांऐवजी एकच मोठा उंचवटा दिसतो. अतिनील लेझर वापरावा, असे मार्गदर्शक सांगतात. त्याच यंत्रात नुसता लेझर बदलून भागेल का? (एक विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर: आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु नुसता लेझर बदलून भागणार नाही. तो उंचवटा मातीतील कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याच्या प्रतिदीप्तीचा (प्रकाश शोषून पदार्थाने स्वतः फेकलेल्या प्रकाशाचा, म्हणजे फ्लुओरेसन्सचा) आहे आणि तिच्याखाली रामन शिखरे पूर्णपणे बुडून जातात. 248 नॅनोमीटरचा लेझर घेतल्यास 4000 प्रति सेंटिमीटरपर्यंतचा (हे रामन प्रकाश लेझरपासून किती सरकला ते मोजण्याचे एकक) सगळा रामन वर्णपट सुमारे 275 नॅनोमीटरपर्यंत संपतो. बहुतेक पदार्थांची प्रतिदीप्ती त्यापुढे सुरू होते, त्यामुळे दोन्ही प्रकाश आपोआप वेगळे होतात. शिवाय प्रकीर्णनाची (प्रकाश विखुरण्याची) तीव्रता वारंवारतेच्या चौथ्या घातानुसार वाढत असल्याने केवळ त्या कारणाने संकेत सुमारे 21 पट वाढतो, आणि बेंझिनसारख्या वलयांच्या बाबतीत अनुनादाचा लाभही मिळतो, म्हणजे लेझर त्या रेणूच्या शोषणाशी जुळल्याने संकेत आणखी वाढतो.

खरी अडचण स्पेक्ट्रोमीटरची, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवून मोजणाऱ्या भागाची आहे. 1 प्रति सेंटिमीटरचे अंतर हिरव्या लेझरजवळ सुमारे 0.028 नॅनोमीटर असते, तर 248 ला ते जेमतेम 0.006 उरते. तेवढेच बारकावे दिसण्यासाठी मिलिमीटरला 2400 किंवा 3600 रेषांचे ग्रेटिंग (प्रकाश पसरवणारी बारीक रेषांची पट्टी) आणि लांब नाभीय अंतर लागते. साधी काच हा प्रकाश शोषून घेत असल्याने भिंगे फ्यूज्ड सिलिकाची हवीत, आरशांवर अतिनीलला परावर्तित करणारा ॲल्युमिनियमचा लेप हवा आणि सीसीडीसुद्धा (प्रकाश टिपणारा संवेदक) अतिनीलला संवेदनशील असायला हवा. रामन प्रकाश मूळ लेझरच्या कोट्यंशाइतका क्षीण असू शकतो. लेझररेषेजवळची शिखरे पाहायची असतील, तर भटका प्रकाश आधीच्या दोन टप्प्यांत गाळून तिसऱ्यात वर्णपट पसरवणारा तिहेरी मोनोक्रोमेटर (ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश निवडणाऱ्या तीन टप्प्यांचे साधन) अतिशय उपयोगी पडतो, मात्र प्रत्येक टप्प्यावर थोडा संकेतही गमवावा लागतो. अशी यंत्रे महाग व नाजूक असतात. तरीही 2021 साली मंगळावर उतरलेल्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स बग्गीच्या शेरलॉक उपकरणात 248.6 नॅनोमीटरचाच लेझर वापरला आहे.

मातीतील लोहखनिज हा आपला विषय असेल, तर मात्र अतिनीलच्या मागे लागू नये. सेंद्रिय द्रव्य रासायनिक क्रियेने काढून टाकून हेमॅटाइट आणि गोथाइट ही लोहखनिजे दृश्य लेझरवर ओळखता येतात. फक्त शक्ती कमी ठेवावी, कारण तापल्यावर गोथाइटचे हेमॅटाइट होते. अतिनीलमध्ये नमुना जळण्याचा धोका अधिक असल्याने तो फिरता ठेवावा, वाचन लहान टप्प्यांत घ्यावे आणि शिखरांची उंची टप्प्यागणिक बदलत असेल तर लेझरची शक्ती आणखी कमी करावी.